मांडीवरचं तिकीट

१

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी थिएटरवाल्यांचा फोन आला, आणि बाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

“एकशे वीस!” थिएटरवाले ओरडत होते. “माझ्या आईच्या टीव्हीवर तुमचा आजचा नवा सिनेमा एकशे वीसला दिसतोय! माझ्या खिडकीवर एक तिकीट एकशे वीसचं आहे. मग माझ्याकडे येणार कोण? मी काय पडदा धुऊन वाळत घालू?”

“तीनशे साठ आहे हो,” बाई शांतपणे म्हणाल्या. आमची कंपनी त्यांच्या मालकीची. “आपलं ठरलंय तेवढंच आहे.”

“मग माझी आई खोटं बोलते?”

बाईंनी फोनचा आवाज थोडा कमी केला.

आमची कंपनी सिनेमे विकत घेऊन दोन ठिकाणी दाखवते: थिएटरात आणि, त्याच दिवशी, घरच्या टीव्हीवर. थिएटरवाल्यांच्या अकरा पडद्यांनी याला एकाच अटीवर होकार दिला होता. पहिले तीन आठवडे घरचा भाव तीन तिकिटांच्या खाली यायचा नाही. घरच्या सोफ्यावर सरासरी तिघं बसतात, म्हणून तीन. तीन गुणिले एकशे वीस, तीनशे साठ. इतका साधा हिशोब, की तो चुकायला जागाच नव्हती.

“चार वाजता मी येतो,” थिएटरवाले म्हणाले. “हे कुणी केलं ते मला समोर पाहिजे. नाहीतर उद्या सकाळी अकराच्या अकरा पडद्यांवरून तुमचा सिनेमा खाली.”

फोन बंद झाला. बाईंनी चष्मा काढला आणि ताईकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच ताईकडे पाहिलं. सिनेमांचे भाव ठरवायचं टेबल ताईचं, भावाच्या कार्डावर सही ताईची. ताईच्या सहीशिवाय आमच्याकडे भाव एका पैशानं हलत नाही.

“ताई?” बाई म्हणाल्या.

ताईनं नुसती मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

२

बाईंनी मला आत बोलावलं. मी बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. माझी गोटी नऊ महिन्यांची. अजून मी खुर्चीत बसले की पाय आपोआप पाळण्याला झोका दिल्यासारखे हलायचे.

“तू शोध,” बाई म्हणाल्या. “तू एवढे महिने इथं नव्हतीस. यात हात नसलेली तू एकटीच आहेस.”

“आणि नाही सापडलं तर?”

बाईंनी टेबलावरचा एक कागद माझ्याकडे फिरवला. ताईला कामावरून काढल्याचं पत्र होतं. टाइप झालेलं, फक्त सही राहिलेली. “चार वाजता त्यांना कुणाचं तरी नाव द्यावं लागेल मला. सही तिची, तर नाव तिचं.”

या ऑफिसात मला काम शिकवलं ते ताईनं. गोटी झाल्यावर पहिलं झबलं आणलं ते ताईनं. मी रजेवर असताना माझ्या जागी दुसरी बाई घ्यायचं चाललं होतं, तेव्हा “ती येणार आहे, मी दोन टेबलं सांभाळते” असं म्हणून बसली ती ताईच.

बाहेर येऊन मी आधी फळ्यासमोर उभी राहिले. चालू सिनेमाचं भावकार्ड आमच्याकडे फळ्यावर टोचून ठेवतात. बाईंचा कागदावर विश्वास, म्हणून पुठ्ठ्याचं कार्ड आणि शाईची सही. सिनेमाचं नाव, तारीख, भाव. भावाच्या चौकटीत स्वच्छ तीनशे साठ. अक्षर माझंच होतं. सोमवारी ताई बैठकीत होती, म्हणून नेहमीच्या रीतीनं मी मागच्या खेळाच्या कार्डाची झेरॉक्स काढली, नाव, तारीख, भाव या तीन ठिकाणी पांढरं लावून नवं लिहिलं आणि ताईसमोर धरलं. तिनं जिन्यातच उभ्या उभ्या सही केली. वर्षानुवर्षं आम्ही असंच करतो. बाकीचं सगळं तेच असतं, मग पुन्हा कशाला लिहायचं?

म्हणजे कार्ड बरोबर होतं. फक्त ते जरा तिरकं वाटत होतं, चार कोपऱ्यांना तीनच पिना. मी ते सरळ केलं आणि कार्डावरचा भाव घरोघरच्या टीव्हीवर चढवणाऱ्या मशीनच्या खोलीकडे वळले.

३

मशीनवाल्याच्या खोलीत कायम थंडी असते आणि तो कायम स्वेटरमध्ये असतो.

“मी काही केलेलं नाही,” मी दार उघडताच तो म्हणाला.

“मी अजून विचारलंही नाही.”

“सकाळपासून तिघांनी विचारलं. चौथ्या तुम्ही. कार्ड येतं, मी घालतो. पुढचं, मागचं, जे असेल ते कार्डाबरहुकूम. सोमवारी घातलं, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. ही बघा नोंद.”

नोंद खरंच होती. सोमवार, दुपारी साडेतीन. त्यानंतर काही नाही.

“मग एकशे वीस आले कुठून?”

“आले असतील थिएटरवाल्यांच्या आईच्या चष्म्यातून. हा बघा.” त्यानं कोपऱ्यातला चाचणीचा टीव्ही लावला. टीव्हीनं नेहमीसारखं ‘कोण बघतंय?’ विचारलं. खाली तीन नावं होती: पहिला, दुसरा, तिसरा.

“ही काय नावं?”

“नावं टाकावीच लागतात. मला सुचली नाहीत.” त्यानं ‘दुसरा’ दाबला. सिनेमा आला, खाली भाव तीनशे साठ. “बघा. सोन्यासारखा.”

“तुझ्या घरी किती दिसतो?”

“माझ्या घरी टीव्ही नाही. दिवसभर हेच बघून घरी जाऊन पुन्हा तेच? मी घरी भिंत बघतो.”

मी निघाले. खरं सांगायचं तर एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सकाळी निघताना मीही टीव्हीवर आमचा सिनेमा पाहिला होता, आणि माझ्या घरी भाव होता दोनशे चाळीस. एका हातात गोटी, दुसऱ्या हातात तिची बाटली, दारात रिक्षा. मला वाटलं, झोपेत चुकीचं वाचलं असेल. नऊ महिन्यांत मी मिठाच्या डब्यात साखरही भरलेली आहे.

पण आजींचे एकशे वीस, माझे दोनशे चाळीस, मशीनचे तीनशे साठ. तिघंही झोपेत कसे असतील?

४

तिकीटकाकांनी एकतीस वर्षं थिएटरच्या खिडकीत तिकिटं फाडली. ते थिएटर बंद पडलं, तेव्हा बाईंनी त्यांना आमच्याकडे घेतलं. घरबसल्या सिनेमा या प्रकाराचा त्यांना मनापासून राग.

“काका, खरं सांगा. ताईवर तुमचा राग आहे का?”

“आहे ना. तीन तिकिटांचा भाव तिनं काढला. मी म्हटलं, अगं, एकट्या माणसाला तीन तिकिटं? माझ्या खिडकीवर एक बाई यायची, एकटी. तिला मी म्हणालो असतो, ‘बाई, तीन घ्या, नाहीतर घरी जा,’ तर तिनं चप्पल काढली असती! पण राग आला म्हणून मी भाव बदलायला जाईन? मला ते मशीन सुरू कुठून होतं तेही माहीत नाही.”

“तुमच्या घरी किती दिसतो?”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. “कुणाला सांगू नकोस. नऊशे साठ.”

“नऊशे?”

“आणि साठ. दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं, सगळे टीव्हीपुढे जमले होते. मोठी सून म्हणाली, ‘बाबा, तुमच्या कंपनीला वेड लागलंय, त्यापेक्षा थिएटरला जाऊ.’ आज दुपारच्या खेळाला गेलेत सगळे.”

मी तक्रारींच्या फोनवर बसणाऱ्या मुलीकडे गेले. तिनं हेडफोन मानेत सरकवला आणि वही माझ्यापुढे टाकली.

“घे, वाच. एकीला चारशे ऐंशी. एकाला एकशे वीस, तो खूश आहे, आभार मानायला फोन केला. एकाला सहाशे, तो शिव्या देतोय. अजून एक दोनशे चाळीस. मी सगळ्यांना ‘तपासतो’ म्हणून सांगतेय. काय तपासता तुम्ही?”

“काय तपासायचं तेच तपासतोय,” मी म्हणाले.

वहीतले आकडे मी एका कागदावर उतरवले. एकशे वीस, दोनशे चाळीस, तीनशे साठ, चारशे ऐंशी, सहाशे, नऊशे साठ. एवढ्या गोंधळात एक गोष्ट मात्र शिस्तीत होती. प्रत्येक आकड्याला एकशे वीसनं भाग जात होता. कुणीतरी घराघरात एक, दोन, तीन, चार, पाच, आठ तिकिटं मोजत होतं. पण कशावरून? श्रीमंत, गरीब? जवळ, लांब? टीव्हीचा आकार?

तीन वाजून गेले होते. मला एवढंच कळलं होतं की मला काही कळत नाही.

५

ताईला विचारणं मी शेवटपर्यंत टाळलं होतं. ती तिच्या टेबलाचे खण आवरत होती. रिकामी पिशवी खुर्चीवर.

“हे काय करतेस?”

“जुने कागद काढते. बरेच साठलेत.”

“ताई, तुझ्या घरी किती दिसतो?”

“तीनशे साठ.” तिनं वर पाहिलं नाही. “मी, हे आणि लेक. तिघांचं घर. बरोबर तीनशे साठ.”

“तू भाव बदललास?”

“नाही.”

“कुणी बदलला ते तुला माहीत आहे?”

ताईनं एक खण बंद केला, दुसरा उघडला. मग भलतंच विचारलं. “सोमवारी पाळणाघरातून फोन आला होता ना तुला? गोटीला ताप होता. किती वाजता आला होता गं?”

“अडीचच्या सुमाराला. का?”

“काही नाही. उतरला ना ताप?”

“उतरला. ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर दे ना.”

“जेवून घे,” ताई म्हणाली. “तुला आधी जेवायची गरज आहे. अंगावर पाजतेस अजून.”

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. जिला वाचवायला मी वणवण करतेय तीच तोंडाला कुलूप लावून बसलीय. निर्दोष माणूस असं का वागेल? पहिल्यांदाच माझ्या मनात आलं: ताईनंच केलं असेल तर?

त्याच क्षणी माझा फोन वाजला. नवरा होता. आज गोटीला सांभाळायची पाळी त्याची.

“अगं, तुमचा सिनेमा घ्यावा म्हणतो. गोटी झोपलीय. पण भाव बघ ना, तीनशे साठ दाखवतोय. सकाळी तू दोनशे चाळीस म्हणालीस.”

म्हणजे मी चुकीचं वाचलं नव्हतं. आणि मशीनला सोमवारपासून कुणी हात लावला नव्हता. तरी एकाच घरात, एकाच टीव्हीवर, सहा तासांत भाव चढला होता!

“तू टीव्हीला काही केलंस का? आठव. काहीही.”

“काही नाही गं. कार्टून लावलं तिला. ते ‘कोण बघतंय’ विचारतं ना, तिथं आपल्या दोघांचीच नावं होती. म्हटलं, आपल्या राणीसरकारांचंही टाकू. गोटी, आणि पुढे सशाचं चित्र. तिनं सशाला चाटलं.”

६

मी फोन ठेवला.

नावं. चाचणीच्या टीव्हीवर पहिला, दुसरा, तिसरा. ताईचं तिघांचं घर. काकांचं आठ जणांचं. थिएटरवाल्यांची आई एकटी. टीव्हीत जितकी नावं, तितकी तिकिटं!

मी धावतच काकांकडे गेले. मला वाटत होतं, सापडलं. एकट्या माणसाला तीन तिकिटं नकोत, असं या ऑफिसात एकच माणूस म्हणतो.

“काका, माणशी एक तिकीट लावायचं तुम्हीच सांगितलंत ना मशीनवाल्याला? गोटीचं नाव टाकल्याबरोबर माझा भाव चढला!”

काका हसले नाहीत, दुखावले. “पोरी, एकतीस वर्षं. मांडीवरच्या मुलाचं तिकीट मी कधी फाडलंय का? कुठल्याच खिडकीवर फाडत नाहीत. माणसं मोजायचं मी सांगितलं असतं ना, तर पहिली ओळ हीच लिहिली असती: कडेवरचं मूल फुकट. ज्यानं गोटीचं तिकीट घेतलं तो सिनेमावाला नव्हे.”

ते बरोबर होतं. मी वरमून उभी राहिले. मग तान्ह्या बाळाचंही तिकीट घेणारा खेळ कुठला?

काकांच्या मागे, पाण्याच्या मशीनशेजारी, एक जाहिरात लागली होती. मी आल्यापासून आठ दिवस ती बघत होते, वाचली आज. ‘बाहुल्यांचा तास. घरातल्या प्रत्येकाला पडद्यावर आपली बाहुली, अगदी तान्ह्यालाही!’

“हे काय आहे, काका?”

“तू रजेवर होतीस ना, तेव्हा सुरू झालं. प्रत्येकाच्या नावाची बाहुली येते आणि हाक मारते. मागच्याच आठवड्यात झाला शेवटचा खेळ. त्याचा भाव वेगळा असायचा, काहीतरी मागे लिहायचे.”

“मागे म्हणजे?”

“कार्डाच्या मागे.”

माझ्या वेळी कार्डाला मागची बाजू नव्हती. म्हणजे होती, कोरी.

मी फळ्यापाशी गेले. तीन पिना. चौथी खाली फरशीवर पडली होती. माझ्याआधी आज कुणीतरी हे कार्ड काढून उलटून पाहिलं होतं आणि घाईत परत लावलं होतं. मी पिना काढल्या.

मागे चार ओळी छापलेल्या होत्या. कार्डाच्या पुढच्या बाजूचा भाव तिघांचा समजावा. त्याचे तीन हिस्से करावेत. घरात जितकी नावं, तितके हिस्से घ्यावेत. वयाची अट नाही.

सोमवारी मागच्या खेळाचं कार्ड झेरॉक्सवर ठेवलं मी. नवीन मशीन दोन्ही बाजू आपोआप उमटवतं हे मला माहीत नव्हतं. पांढरं लावायला घेतलं आणि पाळणाघरातून फोन आला, ताप एकशे दोन. खाली जुनं नाव कुठलं होतं तेही न बघता मी तीन चौकटी भरल्या, जिन्यात ताईला गाठलं, सही घेतली आणि पळाले. कार्ड मी उलटलंच नाही. त्याला पाठ असते हेच मला ठाऊक नव्हतं.

यात हात नसलेली मी एकटीच, असं बाई म्हणाल्या होत्या.

मागे वळले तर ताई. पिशवी खांद्याला लावून उभी होती.

“कळलं?” ती म्हणाली.

“तुला सकाळीच कळलं होतं.”

“सव्वादहाला.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? परत येऊन आठ दिवस झालेत तुला. बाईंनी एका वाक्यात घरी पाठवलं असतं.” तिनं पिशवीचा पट्टा नीट केला. “आणि सही माझीही आहे. जिन्यात उभी राहून केलेली. पण फार थोर समजू नकोस मला. चारपर्यंत तुला कळेल असं वाटत होतं. नसतं कळलं तर पाच वाजता मी बोंब मारणारच होते. घराचे हप्ते आहेत माझ्यावर.”

घड्याळात चारला दहा कमी होते. जिन्यात थिएटरवाल्यांचे बूट वाजले.

७

मी बाईंच्या खोलीत कार्ड टेबलावर उलटं ठेवलं आणि सगळं सांगितलं. आकडे, नावं, ससा, बाहुल्या, झेरॉक्स. शेवटी म्हटलं, “अक्षर माझं आहे. ताईंनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला.”

“न वाचता सही केली,” ताई मागून म्हणाली. “तेही लिहा.”

बाईंनी ते टाइप केलेलं पत्र उचललं, नाव वाचलं, आणि ते कुणाला द्यावं हे न कळल्यासारख्या बसून राहिल्या.

थिएटरवाले कार्ड वाचत होते. एकदा, दोनदा. “म्हणजे मोठ्या घरांना घरचा भाव परवडेना,” ते हळूहळू म्हणाले. “तरीच. तरीच दुपारच्या खेळाला गुरुवार असून पाच-पाच, आठ-आठ जणांची टोळकी आली. एका सुनेनं तर सासऱ्यांच्या कंपनीला शिव्या देतच तिकिटं काढली.”

तिकीटकाकांना दाराबाहेर अचानक खोकला आला.

“आणि एकेकटी माणसं?” बाईंनी विचारलं.

“ती गेली तुमच्याकडे. माझीच आई गेली.” थिएटरवाल्यांनी कार्ड खाली ठेवलं. “सहा वर्षांत माझ्या थिएटरात आलेली नाही ती. गुडघे. जिना चढवत नाही. हे फायद्याचं झालं की तोट्याचं, मला काही समजत नाहीये. रविवारपर्यंत बघतो. पण आज पाचच्या आत तीनशे साठ करा. बोलल्यासारखं वागायचं.”

“करते,” बाई म्हणाल्या. त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, पण मला वाटलं होतं तितक्या प्रेमानं नव्हे. “तू महिनाभर भावाच्या टेबलाला हात लावायचा नाहीस. तक्रारींच्या फोनवर बसशील. ताई, तुम्ही यापुढे बसून सही करायची. जिन्यात नाही.”

८

शुक्रवारी सकाळी मी हेडफोन लावला. तक्रारवाल्या मुलीनं मला एक वही दिली, कोरी, आणि म्हणाली, “ये. आता तूही तपास.”

पहिला फोन एका म्हाताऱ्या बाईंचा होता. आवाज खणखणीत.

“काल मी सिनेमा घेतला एकशे वीसला. अर्धा झाला आणि मला झोप लागली. आज मुलगा सांगतो, भाव वाढला. तो स्वतः सिनेमावाला आहे, त्याला सगळं ठाऊक असतं. तर उरलेल्या अर्ध्याचे किती द्यायचे?”

पाय टेबलाखाली आपोआप झोका देऊ लागले. मी त्यांना थांबवलं नाही.

“काही द्यायचं नाही, आजी. तुमचं तिकीट काढून झालंय.”

“म्हणजे सगळा बघू?”

“सगळा बघा. सावकाश.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “एक विचारू? पुढच्या वेळी त्याला बोलावलं माझ्या सोफ्यावर, तर त्याचं वेगळं तिकीट पडेल का?”

“नाही पडणार.”

“कशावरून?”

“मुलगा आहे ना तुमचा,” मी म्हणाले. “मांडीवरच्या मुलाचं तिकीट नसतं.”